लांबच्या थांब्यात आई-वडिलांना बसवायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत परदेशी विमानतळांवरच्या लाउंजविषयी, म्हणजे पैसे भरून किंवा कार्ड दाखवून बसता-खाता येतं अशा विश्रांतीकक्षांविषयी, लेख आला होता. छायाचित्रं देखणी होती, कुठे खायला काय मिळतं याची माहितीही भरपूर होती. पाठीवर एक सॅक टाकून निघणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या प्रवाशाला तो लेख उपयोगी पडेल. पण आमच्या मिरज-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातून परदेशी जाणाऱ्यांत साठी-सत्तरीतले आई-वडील पुष्कळ असतात. कुणी मुलीच्या बाळंतपणाला निघालेलं, कुणी मुलाच्या वास्तुशांतीला, कुणी नातवंडांना सांभाळायला. विमान बदलताना मध्ये जे पाच-सहा तास काढावे लागतात, ते या मंडळींनी कुठे आणि कसे काढावेत, याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मी सरकारी रुग्णालयात परिसेविका होते, आता निवृत्त आहे. मुलगी अमेरिकेत असल्यामुळे आखातातल्या विमानतळांवर विमान बदलणं आता अंगवळणी पडलंय. यजमानांना मधुमेह आहे, ते इन्शुलिनवर आहेत. माझं स्पष्ट मत आहे की या वयात लाउंजचा खर्च औषधपाण्याच्या खर्चात धरावा. आणि ते निवडताना ताटात काय पडतं यापेक्षा गेट किती लांब आहे, किती वेळ बसू देतात आणि पाय पसरायला जागा आहे का, हे आधी विचारावं.

हिशेब मांडून बघा. मिरजेचा माणूस मुंबईच्या विमानतळावर पोहोचतो तोवर आठ-नऊ तास गाडीत बसलेला असतो. आखातात जाणारी बरीच विमानं पहाटे सुटतात, म्हणजे रात्रीची झोप गेलीच. दोहापर्यंत साडेतीन-चार तास, तिथे थांबा आणि तिथून डॅलससारख्या ठिकाणी जायचं तर सोळा तासांच्या आसपास एकाच खुर्चीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात हा धोका थोडा आहे, सहा हजारांत एकाच्या आसपास. घाबरून प्रवास रद्द करावा असं काही नाही. पण वजन जास्त असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, पूर्वी कधी गाठ झाली असेल, तर तो वाढतो. अशा माणसाला मधल्या थांब्यात तरी चालायला आणि पाय वर करून पडायला मिळायला हवं.

आखातातल्या एका विमानतळावर, व्हीलचेअरच्या प्रवाशांना बसवतात त्या जागी, कराडकडचं एक जोडपं भेटलं. मदतनीस त्यांना तिथे सोडून ‘बोर्डिंगला येतो’ म्हणून गेला होता. काकांनी बुटांच्या नाड्या सैल केल्या होत्या. काकूंच्या नडगीवर मी अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला, म्हणजे पायावर सूज होती. पाणी पिताय का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, “पीत नाही हो. सारखं उठायला लागतं, आणि ही जागा सोडली तर तो मुलगा आम्हाला शोधायचा कुठे?” सकाळची रक्तदाबाची गोळीही तशीच पर्समध्ये होती, कारण उपाशीपोटी घ्यायची नाही असं त्यांच्या डोक्यात होतं. मुलानं त्यांच्यासाठी लाउंजची सोय केली होती, म्हणजे स्वतःच्या क्रेडिट कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. लाउंजच्या काउंटरवर तो अर्थातच चालला नाही. मग आम्ही दोघांनी त्यांना आधी स्वच्छतागृहाकडे नेलं, एक फेरी मारली, दोन केळी आणि पाण्याची बाटली घेतली. मुलगा चांगला नोकरीला, पैशाची ददात नाही. फक्त कार्डाचे नियम त्याला कुणी सांगितले नव्हते.

ते नियम मुलांनी नीट समजून घ्यावेत. कार्डावरचा लाउंजप्रवेश कार्डधारकापुरता असतो. कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकच लागतं, आणि तो माणूस समोर उभा लागतो. देशातली लाउंज आणि परदेशातली लाउंज यांचे नियम वेगळे. मुंबईत चाललेलं कार्ड दुबईत चालेलच असं नाही. सोबतच्या माणसाचे पैसे बहुधा वेगळे लागतात, तीस-पस्तीस डॉलरच्या घरात, आणि ते पुढच्या बिलात येतात. अलीकडे बऱ्याच बँकांनी मागच्या तिमाहीत अमुक एवढा खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातलीय. पेन्शनवर जगणारा माणूस कार्डावर एवढा खर्च कशाला करेल? त्याचं कार्ड नेमकं प्रवासाच्या दिवशी कुचकामी ठरतं. आमच्याच हाती एका बँकेचं माहितीपत्रक आलं होतं. ‘जगभर लाउंज मोफत’ हे ठळक अक्षरात आणि अटी मुंगीएवढ्या अक्षरात, त्याही इंग्रजीत.

त्यापेक्षा सरळ मार्ग असा: मुलांनी विमान कंपनीच्या किंवा विमानतळाच्या संकेतस्थळावरून आई-वडिलांच्या नावानं आधीच पैसे भरून जागा घ्यावी आणि पावती कागदावर छापून त्यांच्या हातात द्यावी. आयत्या वेळी गर्दी असली की कार्डवाल्यांना दाराशी थांबवतात. आधी पैसे भरलेल्याला निदान हातात काहीतरी दाखवता येतं. आई-वडिलांसोबत मुलगा किंवा मुलगी असेल आणि त्यांच्याकडे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं गोल्ड सभासदत्व असेल, तर एका सहप्रवाशाला सोबत लाउंजमध्ये नेता येतं. एअर इंडिया २०१४ पासून या गटात आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

आता गेटबद्दल. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि नेमका तोच कुणी विचारात घेत नाही. दुबईचं टर्मिनल ३ म्हणजे ए, बी आणि सी असे तीन लांबलचक भाग. ए आणि बी यांच्यामध्ये गाडीनं जावं लागतं. गेट ए मध्ये आणि लाउंज सी मध्ये घेतलं, तर विश्रांती राहिली बाजूला, धावपळच जास्त. पुढचं विमान वेगळ्या कंपनीचं असेल तर टर्मिनलसुद्धा बदलू शकतं. लंडनच्या हिथ्रोला एका टर्मिनलमधून दुसऱ्यात जायला बस आणि परत सुरक्षा तपासणी. तिथे पुढचं विमान ज्या टर्मिनलमधून सुटतं तिथलंच लाउंज घ्यावं. दोहाला मात्र सगळं एका छताखाली आहे, शिवाय आत छोटी आगगाडी आहे, त्यामुळे वयस्कर माणसाला ते त्यातल्या त्यात सोपं. सिंगापूरच्या चांगीला तीन टर्मिनलांत सुरक्षा तपासणी थेट गेटपाशी होते, त्यामुळे गेटवर लवकर पोहोचावं लागतं.

अबुधाबीहून अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच, विमानात बसण्याआधी होते. अमेरिकेत उतरल्यावर रांगेत उभं राहावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण त्या तपासणीला वेळ लागतो, आणि एकदा तिच्यापलीकडे गेलं की अलीकडच्या लाउंजमध्ये परत येता येत नाही. म्हणजे ‘विमान नऊला आहे, आठपर्यंत बसू’ हा हिशेब तिथे चालत नाही. कागदावर सहा तासांचा दिसणारा थांबा प्रत्यक्षात बराच लहान होतो.

बसू देण्याची वेळ बहुतेक ठिकाणी तीन तासांची असते. काही लाउंज तर विमान सुटण्याच्या तीन तास आधीपासूनच आत घेतात. तेव्हा थांबा सहा तासांचा असेल तर कुठले तीन तास घ्यायचे, हे घरूनच ठरवून निघावं. शक्य असेल तिथे शेवटचे तीन तास गेटजवळच्या लाउंजमध्ये आणि आधीचा वेळ चालण्यात घालवावा, असं मी सुचवीन. दोहाला २०२२ साली ‘द ऑर्चर्ड’ ही छताखालची बाग झालीय, खऱ्या झाडांची. तिथे सावकाश फेऱ्या मारता येतात. पडायचं असेल तर तिथेच फुकट शांत खोल्या आहेत, कलत्या खुर्च्यांच्या. फक्त स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या खोल्या वेगळ्या आहेत. जोडीदार इन्शुलिनवर असेल तर त्याला असं नजरेआड झोपू देऊ नये. साखर उतरलेला माणूस गाढ झोपलाय असंच लांबून वाटतं.

मधुमेह्यांसाठी मात्र मी वरचा क्रम उलटा करते. दोहा भारतापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे पहाटेचे पाच वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे साडेसात, म्हणजे इन्शुलिनची आणि न्याहारीची वेळ. सुई टोचली आणि खाणं लांबलं तर साखर झपकन खाली येते. म्हणून उतरल्यावर आधी लाउंज, आधी समोर ताट, मगच सुई, हा आमचा नेम. प्रवासात डोस किती आणि केव्हा, हे अर्थात आपल्या डॉक्टरांकडून लिहून आणावं. इन्शुलिन आणि सुया हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आखाती लाउंजमध्ये शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही: हमूस म्हणजे वाटलेले काबुली चणे, फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे, दही, ऑलिव्ह, पाव, बऱ्याचदा डाळ-भातही असतो. पाटीवर नीट लिहिलेलं नसेल तर वाढणाऱ्याला हिंदीत विचारावं. तिथे काम करणारे पुष्कळ जण नेपाळचे, केरळचे, बांगलादेशचे असतात, आपुलकीनं सांगतात. केक आणि सरबतांच्या टेबलापासून लांब बसावं, एवढंच.

आत गेल्या गेल्या अंघोळीसाठी नाव नोंदवावं, कारण शॉवरच्या खोल्या मोजक्या असतात. ऊन पाण्यानं पाय शेकले की सूज बसते असं नाही, पण माणूस ताजातवाना होतो, कपडे बदलतो, मोजे नवे घालतो. मग कोपऱ्यातली, पाय टेकवायला समोर काहीतरी असलेली खुर्ची धरावी. आणि एक गोष्ट फार जपावी: बहुतेक लाउंजमध्ये विमानांची घोषणा करत नाहीत. फोनचं घड्याळ स्थानिक वेळेवर आलंय ना ते बघून बोर्डिंगच्या तासभर आधीचा गजर लावावा आणि काउंटरवरही सांगून ठेवावं.

थांबा आठ-दहा तासांवर गेला तर लाउंजचा मोह सोडून हॉटेल बघावं. दोहा आणि दुबई दोन्हीकडे विमानतळाच्या आतच, व्हिसा न लागता राहता येईल अशी हॉटेलं आहेत. काही कंपन्या ठरावीक अटींत स्वतः हॉटेल देतात, एमिरेट्सची ‘दुबई कनेक्ट’ त्यातलीच. पण ते आधी मागून घ्यावं लागतं.

व्हीलचेअर घेतली म्हणजे लाउंज मिळणार नाही, असा एक समज आहे. तसं नाही. मात्र मदतनिसाला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं, नाहीतर तो नेहमीच्या जागी बसवून जातो. आम्ही एका पुठ्ठ्यावर ठळक इंग्रजीत लिहून ठेवतो: विमानाचा क्रमांक, सुटण्याची वेळ, लाउंजचं नाव, ‘आम्हाला इथे सोडा आणि अमुक वाजता इथूनच न्यायला या’. लाउंजच्या काउंटरवरून व्हीलचेअरसाठी परत फोन करून देतात, हेही विचारून घ्यावं. कराडच्या काकूंकडे असा एक पुठ्ठा असता तर त्या घोटभर पाणी तरी निर्धास्तपणे प्यायल्या असत्या.

आमच्या भागातल्या तिकीट एजंटांना माझी विनंती आहे की तिकिटासोबत मराठीत एक पान द्या: कुठलं टर्मिनल, गेट बदललं तर कुठे बघायचं, जवळचं लाउंज कुठलं, किती तास. बँकांनीही कार्डाच्या अटी मराठीत आणि वाचता येतील अशा अक्षरात छापाव्यात. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती की आई-वडील निघतात ते बहुतेक एप्रिल-मे महिन्यात, तेव्हा त्याआधी फेब्रुवारी-मार्चच्या एखाद्या पुरवणीत दोहा, दुबई, अबुधाबी, इस्तंबूल आणि फ्रँकफर्ट या पाच ठिकाणांची अशी माहिती नकाशासकट छापावी. कात्रण पासपोर्टच्या पिशवीत ठेवता येईल एवढ्याच आकाराची.

कळावे,
एक निवृत्त परिसेविका, मिरज