आई, केमोची तारीख आता चुकवायची नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "पाण्याचा दिवस होता, म्हणून केमो राहिली." मागच्या वेळी वास्तुशांत होती. फोन ठेवून मी बराच वेळ तशीच बसले. आई, पाण्यामुळे तुझं काम कधी अडलंय का? पहाटे चारला नळ आला तरी पिंपं भरून सहाला तू तयार असायचीस.

गेल्या महिन्यात घरी आले, तेव्हा शेजारच्या काकूंनी कुटून दिलेली शेंगाचटणी ओट्यावर तशीच पडली होती, पिशवीची गाठही सुटली नव्हती. केमोने तोंडाची चव जाते, ते कळतं मला. पण काकू दारात आल्या आणि तू भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलंस. तुळशीला पाणी बाबा घालतात. केमोने तुळस नकोशी होत नाही गं आई.

बाबा, तुम्ही तिला "मन घट्ट कर" म्हणता, ते मायेनंच. पण मला वाटतं, तिला नैराश्य आलंय आणि तो आजार आहे. झोप उडणं, भूक मरणं, अंगात त्राण नसणं हे केमोनेही होतं, म्हणून ओपीडीच्या गर्दीत ते निसटतं. आपण सांगायला हवं. वेगवेगळ्या आजारांवरचे जुने अभ्यास एकत्र करून 2000 साली संशोधकांनी पाहिलं, तर नैराश्य असलेल्या रुग्णांकडून उपचार नीट न पाळले जाण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. म्हणून आई, तारीख चुकली याचा दोष मी तुला देत नाही. पण तिच्या केमोत 21 दिवसांचं अंतर आहे, ते उगाच नाही बाबा. तेवढ्यात पांढऱ्या पेशी सावरतात. त्याहून जास्त लांबलं तर गाठीलाही सावरायला वेळ मिळतो.

डॉक्टरांना एवढंच सांगायचं: ही बोलत नाही, रडते, "माझ्यामागे कशाला एवढा खर्च" म्हणते. हे शेवटचं वाक्य तर नक्की सांगा, लपवू नका. ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. तिथे मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ साधे प्रश्न विचारतात, वेडबिड कुणी म्हणत नाही. गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत सोडायच्या नाहीत. आणि आईला पुढे टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी, द्यायचं ठरलंय, हे तिथे आठवणीने सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो.

रात्री फार जड झालं तर 14416 वर टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आणि मराठीतही. बाबा, तुम्हीसुद्धा लावा. तुम्ही गॅलरीत एकटे बसता, ते आई सांगते मला.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने येते. सोमवारी आपण तिघं जाऊ. पाण्याचा दिवस असला तर काकूंना किल्ली देऊन ठेवू, त्या भरतील पिंपं.

तुमची लेक