टेन्शनचं विचारायचं तर एकेकाला बाजूला घेऊन विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन जोरात आहे. शाळा उघडायच्या आत माल दुकानात पोचला पाहिजे म्हणून मार्चपासूनच सोलापुरातल्या गारमेंट युनिटांत मशीनला उसंत नसते, त्यात बाहेर ऊन ४३ च्या पुढं जातं, पत्र्याखाली तर विचारूच नका, आणि ह्या सगळ्यात सुपरवायझरला वरून दिवसभर एकच फोन, आज किती पीस निघाले. मी अक्कलकोट रोडला एका युनिटात लाईन बघते. मालकांना, मॅनेजरना आणि माझ्यासारख्याच सुपरवायझर लोकांना मला एवढंच सांगायचंय की पिसांची चौकशी करता तशी माणसांचीही करा, ठरवून करा, आणि विचारल्यावर काहीतरी बदला.

चौकशी कुठंच होत नाही असं मी म्हणणार नाही. एखादी बाई चक्कर येऊन पडली किंवा एखादा कटिंग मास्टर भांडून निघून गेला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकत्र उभं करतात आणि विचारतात, कुणाला काय टेन्शन आहे का, असेल तर सांगा. आता एवढ्या लोकांत कोण तोंड उघडणार? सगळे मान हलवतात आणि बंडल उचलून मशीनवर जातात. पीस रेटवरच्या, म्हणजे नगावर पैसे मिळणाऱ्या बाईला वेगळीच भीती असते, मला जड जातंय असं म्हटलं तर उद्या सोप्या मशीनवर टाकतील, आणि सोपं मशीन म्हणजे कमी रेट. शिवाय बोलायला थांबलं की तेवढे पीस बुडाले. म्हणून माझं पहिलं मागणं हेच आहे की बोलण्यात गेलेली दहा मिनिटं कामगाराच्या पगारातून जाऊ नयेत, ती कंपनीनं सोसावीत.

दुसरं म्हणजे प्रश्न कामाबद्दलचा असावा. "सगळं ठीक ना" म्हटलं की "ठीक" हेच उत्तर येणार. आमच्याकडं ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाची कड शिवायच्या मशीनवर एक मावशी आहेत, हात एकदम साफ, पण मधे त्यांच्या मशीनचं अल्टर, म्हणजे चुकून दुरुस्तीला परत येणारे पीस, सारखं वाढायला लागलं आणि सगळे म्हणायला लागले की डोळ्याचा प्रॉब्लेम असणार. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी डबा उघडला आणि विचारलं, "मावशी, ह्या आठवड्यात कुठलं काम जास्त जड गेलं?" आधी नेहमीचंच, "काय नाही ओ ताई, चाललंय की." मग भाकरी अर्धी झाल्यावर हळूहळू निघालं. आपल्याकडं पाणी काय रोज येत नाही, आणि त्यांच्या गल्लीत पाळी आली ती रात्री दोनला, म्हणजे दोनपासून पहाटेपर्यंत घागरी आणि बॅरल, मग स्वयंपाक, मग कामावर. आणि इथं कोण गैरहजर असलं की रोज त्यांनाच उचलून दुसऱ्या मशीनवर बसवायचे, कारण त्यांना सगळं येतं! सुई वेगळी, दोऱ्याचा ताण वेगळा, हात बसेपर्यंत दुपार. त्यांच्या गल्लीतलं पाणी माझ्या हातात नाही, पण पाण्याच्या दिवशी अर्धा तास उशिरा यायची सवलत आणि त्यांना न विचारता मशीन बदलायचं नाही एवढं मी मॅनेजर साहेबांकडून कबूल करून घेतलं. अल्टर आपोआप उतरलं. डोळे त्यांचे ठणठणीत आहेत.

ह्यात मी काही नवीन शोध लावला नाही. १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक ह्या संशोधकानं मांडलं होतं की कामाचा लोड जास्त आणि ते काम कसं करायचं ह्यात आपला शब्द कमी, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस सगळ्यात जास्त पिचतो. मशीनवरच्या माणसाची गत हीच असते. कुठलं बंडल, कुठलं मशीन, किती वाजेपर्यंत, सगळं दुसरा ठरवणार. त्यातली एखादी गोष्ट जरी त्याला विचारून ठरली तरी फरक पडतो हे मी रोज बघते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही तर कामाच्या ठिकाणच्या, बराच काळ चाललेल्या आणि न सुटलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. लक्षणं तीन, अंगातलं बळ संपणं, कामाचा उबग येणं आणि आपल्याकडून नीट काम होत नाही असं वाटत राहणं. लाईनवर तिन्ही दिसतात, आपण मात्र त्याला आळस म्हणतो किंवा माज म्हणतो. ह्याच संघटनेनं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्के जास्त असतो. आपल्याकडं कायद्यानं आठवड्याचे ४८ तास, त्यापुढं ओव्हरटाइम. सीझनला रोज दहा तास आणि सहा दिवस धरले तर ६० झाले की, मग ५५ ची गोष्ट परदेशातली आहे असं कसं म्हणायचं?

पुरुष माणसं तर अजिबात बोलत नाहीत. मे महिन्यात स्टीम प्रेसवर उभा राहणारा पोरगा "मस्त आहे" म्हणत हसतो आणि संध्याकाळी घरी जाऊन सगळं बायकोवर काढतो. अशांना ऑफिसात बोलावलं की ते घाबरतात, काढून टाकतात की काय म्हणून. त्यांच्याशी गेटबाहेर चहाच्या टपरीवर बोलणं सोपं जातं. आणि शहराच्या पूर्व भागातले जे लोक घरात तेलुगू बोलतात त्यांच्याशी तेलुगू येणाऱ्या एखाद्या जुन्या अक्कांना बोलू द्या, मनातलं मराठीत सांगताना ते अडखळतात हे मी पाहिलंय.

एक मात्र पाळायला पाहिजे. घरचं खोदून विचारायचं नाही, स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, आणि ऐकलेलं लाईनवर फिरता कामा नये. एकदा फिरलं की पुढं कोण काही सांगणार नाही. आपण काही डॉक्टर नाही. कोण फारच खचलंय, झोप नाही, जगावंसं वाटत नाही असं बोलतंय तर त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या माणसाला बोलवायचं आणि टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आपल्यासमोर लावून द्यायचा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री पण लागते आणि मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत बोलता येतं. किती युनिटांच्या नोटीस बोर्डवर हा नंबर आहे? टार्गेटचा कागद मात्र सगळीकडं आहे.

मालक म्हणतील की हे करत बसलो तर माल कधी निघणार. त्यांना मी हात जोडून सांगते, कॉलर लावणारा जुना ऑपरेटर भर सीझनला सोडून गेला तर नवीन माणसाचा हात बसेपर्यंत पुढची अख्खी लाईन रिकामी बसते, त्याचा हिशोब कधीतरी कागदावर मांडून बघा. आणि सुपरवायझरलाही विचारा हो. वरून मालक आणि खालून कामगार, दोन्हीकडचं त्यानं किंवा तिनं ऐकायचं, आणि तिला विचारणारं कोणच नाही. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेनं मॅनेजर लोकांना ह्यासाठी ट्रेनिंग द्या असं स्पष्ट म्हटलंय. आम्हाला मशीनचं ट्रेनिंग मिळालं, माणसांशी बोलायचं कुणीच शिकवलं नाही.

घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांचं काय करायचं हा ह्याहून अवघड प्रश्न आहे, त्यांना सुपरवायझरच नाही, भेटतो तो विड्या तपासून बाद करणारा. त्यावर कामगार संघटनांनी लिहावं अशी माझी विनंती आहे.

आपल्या पेपरमार्फत शहरातल्या गारमेंट, टॉवेल आणि चादर कारखानदारांच्या संघटनांना सांगणं आहे की सगळ्या युनिटांच्या सुपरवायझरसाठी मिळून एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवा, सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाला बोलवा. जूनमध्ये माल गेला की आमच्या लाईन आठवडाभर मोकळ्या असतात, तेव्हा कुणाचंच प्रॉडक्शन बुडणार नाही. पुढच्या सीझनच्या आत झालं पाहिजे.

आपली,
एक लाईन सुपरवायझर,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर