आजाऱ्याच्या घरच्या प्रार्थनासभेसाठी

प्रिय शमुवेल,
सप्रेम सलाम.

आजारी माणसाच्या घरी सलग चार गुरुवार वचन सांगायचंय आणि आरोग्यदानाच्या गोष्टी घ्यायच्यात, असं तू लिहिलंस. पहिल्या गुरुवारी बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय, वचनं २१ ते ४३ (मार्क ५:२१–४३) घे. तेवीस वचनं आहेत, सावकाश वाचली तरी चार-पाच मिनिटांत होतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातल्या बेथेस्दा तळ्याच्या गोष्टीपासून सुरुवात करू नकोस. देवदूत पाणी हालवायचा हे चौथं वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. नव्या आवृत्त्यांत ते कंसात किंवा तळटीपेत असतं. कोणीतरी तिथेच अडतो आणि अडतीस वर्षं पडून राहिलेला माणूस बाजूलाच राहतो.

मार्कमध्ये एका गोष्टीच्या पोटात दुसरी आहे. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरणाला टेकलीय, येशू त्याच्याबरोबर निघालाय आणि वाटेत एक बाई त्याला थांबवते. मुलगी बारा वर्षांची, बाईचा रक्तस्रावही बारा वर्षांचा. वाचताना पस्तिसाव्या वचनावर, "आपली मुलगी मेली" हा निरोप येतो तिथे, थांब. अर्धा मिनिट काही बोलू नकोस. येशू त्या बाईशी बोलत उभा होता तोवर याईराच्या मनात काय चाललं असेल, एवढंच विचार. दवाखान्याच्या बाकावर ताटकळलेल्या माणसाला याचं उत्तर कोणी शिकवावं लागत नाही.

बाईच्या बाजूने वाचताना जुन्या करारातलं लेवीय १५:२५–२७ आधी पाहून ठेव. स्राव चालू असेतो ती अशुद्ध, तिचं अंथरूण अशुद्ध, त्याला शिवणाराही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. इंग्रजी टीकाग्रंथांना हे समजवायला पानभर लागतं, आपल्याकडे 'विटाळ' म्हटलं की आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून तर ती मागून येते आणि नुसत्या वस्त्राला शिवते. येशू तिला गर्दीत शोधतो, सगळ्यांसमोर बोलतं करतो आणि 'मुली' म्हणतो. याईर शेजारीच उभा आहे, मुलीसाठी जीव टांगणीला लागलेला. हा शब्द त्याच्या कानावर पडला असणारच. पुढे येशू मेलेल्या मुलीचाही हात धरतो. प्रेताला शिवलं की सात दिवस विटाळ, गणना १९:११. इथे मात्र विटाळ त्याच्याकडे येत नाही, त्याच्याकडून जीवन तिकडे जातं.

वैद्यांपायी सगळं खर्चून ती अधिकच बिघडली, असं मार्क लिहितो. हीच गोष्ट सांगणारा दुसरा शुभवर्तमानकार लूक मात्र 'बिघडली' हा भाग गाळून ती कोणाकडून बरी झाली नाही एवढंच सांगतो. परंपरेने तो स्वतः वैद्य! यावर लोक हसतील, हसू देत.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" या वाक्यापाशी. त्याची लगेच तागडी होते: बरं वाटलं नाही, म्हणजे विश्वास कमी पडला. अंथरुणावरच्या माणसावर हे ओझं टाकू नकोस, इतरांनी टाकलं तर तिथल्या तिथे उचल. त्यासाठी चार जागा खुणा घालून ने. मार्क २ मध्ये छप्पर उकरून पक्षाघाती माणसाला खाटेसकट खाली सोडणाऱ्यांचा विश्वास येशू पाहतो. मार्क ९:२४ मधला आजारी मुलाचा बाप विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल करतो, तरी त्याचा मुलगा बरा होतो. प्रेषित पौलाने प्रभूला तीनदा विनवूनही त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही, २ करिंथ १२. आणि आपला सोबती त्रफिम याला पौल मिलेत शहरात आजारीच सोडून गेला, २ तीमथ्य ४:२०. ही शेवटची ओळ सभांमध्ये क्वचितच वाचली जाते. माझ्या मते तीच आधी वाचायला हवी.

याकोब ५:१४ प्रमाणे तेल लावायचं असेल तर मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बरोबर ने. तिथे आजाऱ्याने त्यांनाच बोलवावं असं म्हटलंय. कपाळावर एक थेंब पुरे. औषधाची वेळ सभेत आली तर सभा थांबव, गोळी आधी. खाटेशी उभा राहून प्रार्थना करू नकोस, खुर्ची ओढून बस. आवाज बेताचा ठेव आणि दहा मिनिटांच्या वर जाऊ नकोस.

त्रेचाळिसावं वचन घाईत सोडू नकोस. मुलगी उठते, सगळे थक्क होतात आणि येशू सांगतो, हिला खायला द्या. तेव्हा जाताना डबा ने. घरच्यांना पथ्य काय आहे ते आधी फोन करून विचार, बहुतेक पेजच चालत असेल.

तुझा,
योसेफ