कृष्णेतली मगर ताटात नको

महोदय,

मगरीचे मांस खाण्याचे व्हिडिओ पाहून 'आपल्या नदीतही आहेतच की' असे भिलवडी-औदुंबर पट्ट्यात कोणी म्हणू नये, म्हणून हे पत्र. कृष्णेतली मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या शिकारीला किमान ३ वर्षे कैद आहे.

परदेशात खातात ते बहुतांशी पाळलेल्या जनावराचे: थायलंडमध्ये मगर, अमेरिकेत लुइझियानात मगरीसारखाच ॲलिगेटर. शेपटीचे मांस पांढरे असते. त्यावरची चरबी आणि चंदेरी पडदा सुरीने सोलावाच लागतो. चरबी राहिली तर उग्र वास येतो, पडदा राहिला तर तुकडा आक्रसून वाकडा होतो. हे तुकडे मटणासारखे रटरटत ठेवले की रबर होतात, म्हणून बोटभर कापून झटपट तळतात. मात्र आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोचलीच पाहिजे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेलाचे जंतू सर्रास असतात. पायाचे मांस चिवट. ते मंद आचेवरच शिजते.

वेगळी चव हवीच असेल तर पाळीव जपानी बटेर आणावे. पक्षी साधारण दोनशे ग्रॅमचा, लवकर शिजतो. घेताना फार्मची पावती जरूर मागावी. कारण सोलल्यावर पाळीव बटेर आणि त्याच्यासारखाच रानातला लावा पक्षी यांतला फरक गिऱ्हाइकाला कळत नाही.

– एक वाचक, सांगली