खांद्यांसकट वळणाऱ्या पेशंटकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तुमच्याकडे फिजिओथेरपीला पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही माझी फाइल उघडलीच नाहीत. पाण्याचा पेला हातात दिलात, समोर आरसा धरलात आणि म्हणालात, "एक घोट घ्या, पण नजर वणावर ठेवा." घोट खाली गेला आणि मानेवरची आडवी रेघ वर उचलली गेली, आतून कोणी चिमटीत धरून ओढावी तशी. दीड महिना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. ते काय होतं, हे त्या दिवशी मला डोळ्यांनी दिसलं.

तोवर कागदोपत्री मी ठणठणीत होते. थायरॉइडची ग्रंथी काढून झाली होती, रक्तातलं कॅल्शियम जागेवर होतं, ईएनटीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून स्वरतंतू नीट हलतात असं सांगितलं होतं. (हे तपासून झालंय ना, याची खात्री तुम्ही मला हात लावण्याआधी करून घेतलीत, तेही लक्षात आहे.) मग तक्रार कसली? "मनातून काढून टाका," हे इतक्यांकडून ऐकलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तुम्ही माझ्याच जॅकेटची बाही उलटी केलीत. वरचं कापड आणि अस्तर एकमेकांवरून कसं सरकतं ते दाखवलंत, मग दोन्ही एकत्र चिमटीत धरून म्हणालात, "आता हात वर करा." बाही ओढली गेली. मानेतही असेच थर असतात: कातडी, चरबी, प्लॅटिस्मा नावाचा पातळ स्नायू, त्याखाली पट्ट्यांसारखे स्नायू आणि त्यांच्यामागे श्वासनळीला बिलगून बसलेली ग्रंथी. तिथवर पोचायचं तर सर्जनला हे थर सुटे करावेच लागतात. भरून येताना शरीर मात्र कुठला थर कुठला ते बघत बसत नाही, सरसकट कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे टाकत सुटतं. गिळताना स्वरयंत्र वर जातं, आणि त्याच्याशी जोडली गेलेली कातडी मुकाट्याने मागोमाग.

त्यात माझी भर होतीच. टाके उसवतील या धास्तीने मी हनुवटी गळ्याशी घट्ट धरून बसले होते. कोणी हाक मारली की खांद्यांसकट वळायचे. मानेची मागची बाजू दुखायची, तर त्याचं कारणही तुम्हीच सांगितलंत: ऑपरेशनच्या टेबलावर मान बराच वेळ मागे ताणून ठेवलेली असते. सर्जनची परवानगी असेल तर डावीकडे-उजवीकडे हळूच बघणं, मान बाजूला कलवणं, खांदे फिरवणं हे पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर! डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा होत्या, मानेबद्दल एक ओळ नव्हती. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मग मसाज. मी तेल चोळायच्या तयारीने आले होते आणि तुम्ही हसलात. बोट कातडीवर घसरवायचं नाही, बोटाखालची कातडीच आतल्या थरावर हलवायची: वर-खाली, आडवी, गोल. जखम पूर्ण मिटून खपली पडल्याशिवाय हात लावायचा नाही. मानेच्या बाजूंना, जिथे नाडी लागते, तिथे दाबायचं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे वण दोन बोटांनी हलकेच खाली धरून आवंढा गिळणं. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, दुखण्यापेक्षा भीतीनेच.

मी विचारलं होतं, ऑपरेशनच्या वेळीच थर चिकटू नयेत म्हणून काही घालता आलं नसतं का? तुम्ही टाळलं नाहीत. हायलुरॉनिक आम्लाची जेल, विरघळणाऱ्या पातळ फिल्म असतात, काही सर्जन वापरतात, पण थायरॉइडच्या बाबतीत त्यांचा फायदा सगळीकडे सारखा दिसलेला नाही, असं सरळ सांगितलंत. वर म्हणालात, "ते तेव्हाचं. आता तुमची बोटं आहेत." वण पक्का व्हायला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो, तोवर तो बदलत राहतो, या एका वाक्यावर मी पुढचे महिने काढले.

हे पत्र उघड लिहितेय, कारण तुमच्या बाहेरच्या बाकावर मान आखडून बसलेल्या तिघी-चौघी मी दर खेपेला बघायचे.

रेघ अजून आहे. घोट घेताना किंचित हलतेही. पण परवा जिन्यात कोणीतरी मागून हाक मारली आणि मी वळून ओ दिली. दोन पायऱ्या उतरल्यावर लक्षात आलं, खांदे जागेवरच राहिले होते.

तुमची,
आता नुसती मान वळवणारी पेशंट