विमानतळापर्यंत मेट्रो आली, पण रात्रीचे काय?

मुंबईची ‘मेट्रो ३’ ही मार्गिका ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना स्वतःचे स्थानक मिळाले. वर्षभरात ती कफ परेडपर्यंत पोहोचली. दक्षिण मुंबईतून हातात एकच बॅग घेऊन दुपारच्या विमानाला निघालेल्या माणसाने टॅक्सीचा विचारही करू नये, असे मला मनापासून वाटते. पश्चिम द्रुतगती मार्गावर किती वेळ अडकू ही धाकधूकच राहत नाही.

आम्हा डोंबिवलीकरांचे मात्र तसे नाही. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ने मरोळ नाका, पुन्हा गाडी बदलून टर्मिनल २. गेल्या वर्षी मुलीला परदेशी शिकायला पाठवताना तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा होत्या. सकाळच्या लोकलमध्ये त्या चढवायच्या कशा? मालडब्यातही पाय ठेवायला जागा नसते. शेवटी टॅक्सीच केली, आणि चालकाने ऐनवेळी ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले. विमान गाठायचे असताना कोण वाद घालणार? दिले.

खरी अडचण वेळेची आहे. परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, तर मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते आणि पहाटे सहाच्या आसपास सुरू होते. निदान मध्यरात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाने एक गाडी सोडावी आणि तिच्या एका डब्यात सामानासाठी मोकळी जागा ठेवावी, ही संबंधितांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, डोंबिवली