निगेटिव्ह काचपट्टी म्हणजे शून्य हिवताप नव्हे : आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

नाशिक जिल्ह्यात हिवतापासाठी घेतलेल्या रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात उमेदीची वर्षे घालवलेला मी एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. देशाला २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करायचे आहे. पण हिवताप उरला नाही हे ठरवायचे कशावरून, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

हिवतापाचा फाल्सिपेरम जातीचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरला की तिच्या पृष्ठभागावर स्वतःचे एक प्रथिन आणून बसवतो, त्याच्या आधारे ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेच्या गाळणीतून सुटते. बोटाच्या रक्तात आम्हाला बहुधा कोवळ्या अंगठ्या (अंगठीसारखे दिसणारे कोवळे परजीवी) आणि क्वचित चंद्रकोरीच (डासात जाणारी त्यांची लैंगिक रूपे) दिसत, त्या यामुळेच. मात्र हेच प्रथिन शरीराच्या ओळखीचे होते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यावर परजीवीने काढलेली तोड थक्क करणारी आहे. या प्रथिनाचे निरनिराळे नमुने घडवणारी सुमारे ६० ‘व्हार’ जनुके त्याच्याकडे असतात. त्यांतले सहसा एकच चालू असते आणि बाकीच्यांचा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळून मुका ठेवलेला असतो. प्रतिपिंडे चालू नमुन्याचा माग काढेपर्यंत काही परजीवींनी दुसरे जनुक उघडलेले असते, आणि त्यासाठी जनुकातले एक अक्षरही बदलावे लागत नाही. ही सगळीच जनुके जवळपास बंद ठेवणारे परजीवीही अलीकडे प्रयोगशाळेत आढळले आहेत. असा संसर्ग महिनोन्‌महिने तापाशिवाय अंगात राहू शकतो, आणि ताप नसलेल्या माणसाचा रक्तनमुना सहसा कोणी घेत नाही.

गोडी छाटणीच्या दिवसांत सुरगाणा, पेठकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आलेल्या एका मजुराची काचपट्टी, रक्ताच्या जाड लेपाची शंभर क्षेत्रे (सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारे भाग) पाहून, मी निगेटिव्ह लिहिली होती. काही आठवड्यांनी तो हुडहुडी भरून आला तेव्हा त्याच्या रक्तात अंगठ्या होत्या. नवा डास चावला होता की जुनाच परजीवी वर आला होता, हे सांगण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते.

काचपट्टीत न दिसणारा थोडासा परजीवीही शोधण्याचे साधन मात्र आज आहे. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआर यंत्रे आली. छाटणीच्या हंगामात बागांवरच्या, ताप नसलेल्या मजुरांचे निवडक रक्तनमुने त्यांवर तपासावेत, आणि जिल्हा हिवतापमुक्त ठरवताना काचपट्ट्यांच्या आकड्यांबरोबर हा निष्कर्षही मागवावा, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नाशिक